वासंती, ते डाग उन्हाचे नव्हते

वासंती, परवा तुझ्या शोकसभेला गेले होते. मागच्या रांगेत, दाराजवळ बसले. फोटो तुझ्या लेकीनं, प्राजक्तानं, चांगला निवडलाय. त्यात तू कुणाकडे तरी बघून हसते आहेस आणि चष्मा नेहमीसारखा नाकावर घसरलेला आहे. बरेच जण बोलले. शेवटी डाळिंब बागायतदारांचे एक पुढारी उठले आणि म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात डाळिंबावरचा तेल्या रोग पहिल्यांदा कुणी ओळखला, तर तो मॅडमनी." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं टाळी वाजवायला हात उचलले, मग शोकसभा आहे हे लक्षात येऊन खाली घेतले.

मीही मान डोलावली. शेजारच्या बाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून.

तेल्या तू ओळखला नाहीस, वासंती. मी ओळखला. तू तो पाहिलास, माझ्यासमोर मान्य केलास आणि दोनच आठवड्यांनी नामपूरच्या सभेत तो नाहीच म्हणून सांगितलंस. हे माहीत असलेले आपण तिघं होतो. आता दोघंच उरलो, मी आणि तुझा भाऊ रमेश. परवा शोकसभेनंतर चपला घालताना रमेश मला जे बोलला, त्यासाठी हे लिहायला बसले आहे. पण ते नंतर. आधी तुझं जे श्रेय मला तुला द्यायचं आहे ते देते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गंगापूर रोडवरच्या त्या प्रयोगशाळेत आले तेव्हा मला वनस्पतींचे रोग म्हणजे नावांची यादी वाटायची. अमुक बुरशी, तमुक डाग, त्यावर हे औषध. तू माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होतीस, पण पहिल्याच आठवड्यात मला खिडकीपाशी नेलंस. तिथं तंबाखूची रोपं ठेवलेली होती. मी विचारलं, "तंबाखू कशाला? इथं कुणी लावत नाही." तू म्हणालीस, "लावायला नाही. विचारायला."

मग तू सुई काढून टाकलेली सिरिंज घेतलीस, तिच्यात जिवाणूंचं गढूळ पाणी भरलंस आणि पानाच्या मागच्या बाजूला टेकवून हळूच दाबलंस. पानावर नाण्याएवढा ओला डाग उमटला. "उद्या बघ," एवढंच बोललीस. दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग वाळून कागदासारखा झाला होता आणि बाकीचं पान हिरवंगार.

"जिवाणूंनी मारलं," मी म्हणाले.

"नाही. पानानं स्वतः मारलं. परका आत शिरला हे त्याला कळलं, म्हणून त्यानं आपला तेवढा तुकडा मारून टाकला. आता तो पुढं जाऊ शकत नाही." तू चष्मा वर सरकवलास. "झाडाला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, पळता येत नाही. तरी ते लढतं. आपण उगाच त्याला मुकं समजतो."

मी त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाकडे बघत गेले. ते तू मला दिलंस. नंतर कुणी काहीही केलं तरी ते परत घेता येत नाही, तुलाही आलं नाही.

पुढं तू मला दुसरी बाजू शिकवलीस. झाड लढतं, तर मग रोग होतातच कसे? तेव्हा परदेशातून येणारी नियतकालिकं आपल्याला महिन्या-महिन्यांनी मिळायची आणि तू ती पोथी वाचावी तशी मोठ्यानं वाचायचीस. काही जिवाणूंपाशी सुईसारखी एक नळी असते. पेशीच्या भिंतीला ती लावून ते आपली प्रथिनं आत सोडतात. ती प्रथिनं पेशीला आधी खात नाहीत की फोडत नाहीत. ती तिची धोक्याची घंटा बंद करतात. परका आलाय ही बातमी आत पोचायच्या आधीच मधली तार कापतात. झाड धडधाकट असतं, लढायला तयार असतं, फक्त त्याला कळतच नाही. "हे फार हुशार आहेत, शैले," तू म्हणायचीस. त्यात धास्ती असायची आणि कौतुकही.

आपलं भांडण व्हायचं ते पानावरच्या रंध्रांवरून. पानाला श्वास घ्यायला ती बारीक छिद्रं असतात आणि जिवाणू तिथूनच आत जातात. तुझं म्हणणं, रंध्र म्हणजे उघडं दार, जिवाणू पाण्याबरोबर वाहत आत जातो, त्यात झाडाचा काही हात नाही. मला मात्र भिंगाखाली पुन्हापुन्हा दिसायचं की जिवाणूंचं पाणी लावलेल्या पानाची रंध्रं साध्या पाण्याच्या पानापेक्षा जास्त मिटलेली असतात. मी म्हणायचे, "झाड दार लावून घेतंय." तू हसायचीस. "दाराला अक्कल असते का? तुझा दिवा तापत असेल." एकदा तर आपण इतक्या मोठ्यानं भांडलो की शेजारच्या खोलीतून शिपाई काय झालं बघायला आला. तू त्याला म्हणालीस, "काही नाही मामा, दार उघडं की बंद यावर चाललंय." तो दाराकडे बघून निघून गेला. आपण दोघी किती हसलो.

असे दिवस होते. ते खोटे होते असं मी कधीच म्हणणार नाही.

रमेश तेव्हा सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. कारखाना बंद पडला, तो घरी बसला आणि तू त्याला तुझ्या सासरच्या सटाण्याकडच्या जमिनीवर डाळिंबाची रोपवाटिका टाकून दिलीस. दर रविवारी तू तिथं जायचीस. फांदीला झाडावरच मुळं फुटावीत म्हणून गुटी कशी बांधायची, कलमं घ्यायला मातृझाडं कुठली धरायची, सगळं तू शिकवलंस. मॅडमच्या भावाची रोपं म्हणजे बघायचं काम नाही, असं लोक बोलू लागले. माझी थोरली बहीण, अक्का, नामपूरला दिलेली. तिचे मालक, आमचे दाजी, त्यांनीही पहिला प्लॉट तिथल्याच रोपांचा लावला. लावताना मला फोन केला होता, "तुझ्या मैत्रिणीचा माल हाय, मग काळजी कशाला."

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका पावसाळ्यात दाजी प्लास्टिकच्या पिशवीत पानं घेऊन एसटीनं नाशिकला आले. पानांवर तेलाचा थेंब सांडावा तसे डाग होते. उजेडाकडे धरलं की डाग पारदर्शक दिसायचा, मध्ये काळा. दाजी म्हणाले, "फळावरबी येतोय. आन् फळ तडकतंय. आमच्याकडं म्हातारी माणसं याला तेल्या म्हणायला लागलीत."

मी डागाची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कापलेल्या कडेतून धूर निघावा तसा जिवाणूंचा लोंढा पाण्यात सुटला. मग ताटलीत वाढवले, मधाच्या थेंबासारख्या पिवळ्या, चकाकणाऱ्या ठिपक्यांनी ताटली भरली. तंबाखूच्या पानाला विचारलं, तर त्यानं तेवढा तुकडा मारून टाकला. शेवटी निरोगी डाळिंबाच्या रोपावर तेच जिवाणू फवारले आणि थोड्या दिवसांत तेच तेलकट डाग उमटले. सगळं तू शिकवलेल्या क्रमानं केलं. मग तुला बोलावलं.

तू बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलीस. मान वर केलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. "शैले, हे तेच आहे," म्हणालीस. मग विचारलंस, "दाजींची रोपं आपल्या रमेशकडचीच ना?"

आपण दोघी त्याच आठवड्यात रमेशकडे गेलो. आठवतंय तुला? मातृझाडांच्या तिसऱ्या ओळीत तू थांबलीस, एक पान तोडून सूर्याकडे धरलंस. डाग चमकला. रमेश हात पुसत आला. "काय गं ताई, काही आहे का?" तू पान मुठीत चुरगाळून खिशात टाकलंस आणि म्हणालीस, "बघू."

येताना गाडीत आपलं ठरलं. नामपूरच्या शेतकऱ्यांनी सभा ठेवली होती, तिथं स्पष्ट सांगायचं. या भागातली गुटी कलमं बाहेर जाऊ द्यायची नाहीत. पडलेली पानं-फळं वेचून जाळायची. ज्या झाडांवर रोग चढलाय ती काढायची. वर वर निरोगी दिसणाऱ्या फांदीतही जिवाणू असतात, म्हणून निदान एक हंगाम इथलं कलम कुणीच लावायचं नाही. मी विचारलं, "रमेशचं काय?" तू म्हणालीस, "त्याला सांभाळीन मी. तू आधी बोल, मी नंतर तुझ्या बोलण्याला जोड देते." हे तुझेच शब्द होते, वासंती. जोड देते.

आदल्या दिवशी आपण अक्काकडे उतरलो. ओसरीवर बसून बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. अक्काच्या सासूबाई तुला आग्रह करत होत्या, "पोटभर जेव वं माय." तू त्यांना डाळिंबाच्या सालीचा काढा कसा करायचा ते विचारलंस, दाजींशी कांद्याच्या भावावर गप्पा मारल्यास, अक्काच्या मुलीच्या केसांना तेल लावून दिलंस. अक्का मला आत नेऊन म्हणाली, "किती साधी आहे गं तुझी वासंती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा झाली. माणसं उभी होती, कांद्याच्या गोण्यांवर बसली होती. मी बोलले. मला सभेत बोलायची सवय नव्हती, पण सगळं सांगितलं. पानं हातात धरून दाखवली. हा रोग फवाऱ्यानं धुऊन जाणारा नाही, कलमातून पसरतो, म्हणून एक हंगाम थांबा, असं म्हणाले. लोक कुजबुजायला लागले. मी खाली बसले आणि तुझ्याकडे पाहिलं.

तू उठलीस. चष्मा सारखा केलास. म्हणालीस, "शैलाताईंनी मेहनत घेतली आहे. पण घाबरण्याचं कारण नाही. हे डाग उन्हाचे आहेत. दुपारी फवारणी केली की औषधाचा थेंब भिंगासारखं काम करतो आणि पान भाजतं. राहिली ती प्रयोगशाळेची गोष्ट, तर आमच्या ताटल्यांमध्ये कधीकधी बाहेरचे जंतू शिरतात. नव्या माणसाच्या हातून असं होतं."

मी तिथं दहा वर्षं काम करत होते, वासंती. नवं माणूस.

शेडमध्ये एकदम मोकळं वाटलं सगळ्यांना. कुणीतरी हसलं. मागून एकानं विचारलं, "मग रोपं लावायची का मॅडम?"

"लावा," तू म्हणालीस.

माझ्या डोळ्यांसमोर काय होतं सांगू? दाजींचा चेहरा. ते माझ्याकडे बघत होते, मग तुझ्याकडे, मग परत माझ्याकडे. आणि मग त्यांनी नजर जमिनीवर वळवली, माझ्या वतीनं त्यांनाच लाज वाटावी तशी.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. मी म्हणाले, "काय बोललीस हे?"

"नंतर बोलू."

"आत्ता बोल."

"शैले, लोक ऐकतायत."

सटाण्याला तू उतरून गेलीस. मी नाशिकपर्यंत एकटी आले. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का ताई?" मी म्हणाले, "गाडी लागते."

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू ते कधी माझ्या तोंडून ऐकलं नाहीस, म्हणून सांगते. दाजींनी त्या हंगामात रमेशकडचीच रोपं आणून दुसरा प्लॉट लावला. त्यांच्यासारखे कितीतरी जण होते. पुढच्या पावसात तेल्या त्या सगळ्या खोऱ्यात दिसायला लागला. तुझ्या एका शब्दानं तो आला असं मी म्हणणार नाही, तेवढा अन्याय मी करणार नाही. वारा-पावसानं तो कधीतरी आलाच असता, इतर जिल्ह्यांत आलाच होता. पण ज्या शेतात तो नव्हता तिथं तू त्याला पोचवलंस, त्याच्याबद्दल सगळं माहीत असताना.

अक्काच्या बागेत ट्रॅक्टर लावून झाडं उपटली तेव्हा मी तिथं होते. फळं लागलेली झाडं होती. उकलून पडलेल्या फळांतले दाणे मातीत लाल दिसत होते. दाजी बांधावर उभे राहून म्हणाले, "तुझं ऐकलं असतं तर." मला वाटलं, आता तरी बरं वाटेल. पण ते पुढं म्हणाले, "पण तुम्ही दोघी एकाच जागंवरच्या. एक म्हणते तेल्या, एक म्हणते ऊन. आम्ही कुणाचं ऐकायचं होतं, सांग ना?"

अक्काच्या सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "आते कोनवर भरोसा ठेवाना, बेटा?" त्यानंतर अक्का बराच काळ माझ्याशी कामापुरतंच बोलायची. माझ्यावर राग नव्हता तिचा. शिकलेल्या सगळ्यांवरच होता आणि त्यातली जवळची मी होते.

प्रयोगशाळेत प्रमुखांनी मला बोलावून विचारलं की ताटल्या नीट निर्जंतुक करत नाही का. डाळिंबाचं काम तुझ्याकडे गेलं. मी कॉलेजात शिकवायला लागले. तू निरोप समारंभाला आलीस, मला शाल दिलीस.

एका ओळखीच्या प्राध्यापकांना मी पुढं कधीतरी हे सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या मैत्रिणीनं जिवाणूसारखंच केलं, धोक्याची घंटाच बंद केली." त्यांना आपण फार छान बोललो असं वाटलं. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. जिवाणूला झाड म्हणजे काय हे माहीत नसतं. तुला मी माहीत होते.

दोन वर्षांनी तूच तेल्या जाहीर केलास. तोपर्यंत नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. मग तू शिबिरं घेतलीस, गावोगाव हिंडलीस, बागेला विश्रांती द्यायला, छाटणीनंतर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण लावायला, निरोगी कलम ओळखायला शिकवलंस. नामपूरला त्याच शेडमध्ये उभं राहून "या भागातलं कलम लावू नका" म्हणालीस. दाजी त्या सभेला होते. ते म्हणाले, तू फार चांगलं बोललीस. आणि खरंच तुझ्या त्या कामानं कितीतरी बागा वाचल्या, हे मी नाकारत नाही. दाजींची तिसरी बाग तुझ्याच पद्धतीनं उभी राहिली. मी तिथली डाळिंबं खाल्ली आहेत. गोड होती. खाताना घशाखाली उतरत नव्हती, एवढंच.

आणि मग एका दुपारी तुझा फोन. इतक्या वर्षांत पहिला. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. तू नावही सांगितलं नाहीस.

"शैले, झाड दार लावतं गं."

"कोण?"

"मी वासंती. अगं, परदेशात कुणीतरी दाखवून दिलंय. जिवाणू पानावर आला की पानाला कळतं, रंध्रं मिटतात. अगदी तू म्हणायचीस तसंच. आणि पुढची गंमत ऐक. काही जिवाणू एक पदार्थ सोडतात, झाडाच्या स्वतःच्या संप्रेरकासारखा दिसणारा. त्याला झाड फसतं आणि दार परत उघडतं. विचार कर ना, झाडाच्याच भाषेत बोलून ते दार उघडून घेतात."

तू तशीच धापा टाकत बोलत होतीस, जशी पूर्वी नियतकालिक हातात आलं की बोलायचीस. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांपूर्वी भिंगाखाली मी जे पाहिलं होतं ते खरं होतं. आणि हे सांगायला तुला जगात मीच आठवले.

मग तू थांबलीस. आणि म्हणालीस, "तू बरोबर होतीस."

मी फोन कानाला लावून उभी राहिले. वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. रंध्रांबद्दल बरोबर होतीस आणि दुसऱ्याही गोष्टीबद्दल. मी वाट बघितली, वासंती. तुला माझा श्वास ऐकू येत असेल. तू म्हणालीस, "बरं, कॉपी पाठवते," आणि फोन ठेवलास.

तू आजारी पडल्याचं प्राजक्तानं कळवलं तेव्हा मी यायला लागले. का येते आहे हे मला नीट माहीत नव्हतं. तू केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधून पलंगावर बसायचीस आणि मला वाचायला लावायचीस. एका प्रथिनाचा काय परिणाम, दुसऱ्याचा काय. एकदा तर नाकातली नळी सावरत माझ्याशी भांडलीस. त्या खोलीत मी पुन्हा तरुण व्हायचे. आणि बाहेर जिन्यावर आले की नामपूरचं शेड डोळ्यांसमोर यायचं.

शेवटी एकदा मी विचारलंच. प्राजक्ता कॉलेजला गेली होती, खोलीत आपण दोघीच होतो. मी म्हणाले, "नामपूरला असं का बोललीस?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "रमेशचं काय झालं असतं, शैले? त्याच्या हातात दुसरं काय होतं?" आणि भिंतीकडे कूस वळवलीस.

मी तुझा हात धरला. खरं सांगते, त्या दिवशी मला सुटल्यासारखं झालं. भाऊ होता, त्याची नोकरी गेलेली, रोपवाटिका तू उभी करून दिलेली. माणूस आपल्या माणसासाठी असं करतं. बरोबर नाही, पण समजतं. माझ्या अक्कासाठी मीही काय केलं असतं कोण जाणे, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतरच्या भेटींत मी तुझ्यासाठी भाताची पेज करून आणायचे, तुझ्या पायांना तेल लावायचे. तू गेलीस त्या सकाळी मी मोकळेपणानं रडले. मनात काही अडलेलं नव्हतं.

आणि परवा, सभा संपल्यावर, चपलांच्या ढिगापाशी रमेश भेटला. त्याचे केस पिकलेत. म्हणाला, "शैलाताई, तुम्ही आलात, बरं झालं. मला वाटायचं तुम्ही येणार नाही."

"का रे?"

"नामपूरच्या त्या सभेमुळं." तो इकडेतिकडे बघून हळू बोलायला लागला. "मी ताईला सभेच्या आधीच म्हटलं होतं, सगळी मातृझाडं काढून टाकतो. सातपूरला परत जातो, लेथ येतो मला, कुठंतरी लागेल काम. लोकांना खराब माल द्यायला मन घेत नव्हतं माझं. तर ती चिडली. म्हणाली, खुळा आहेस का? तुझ्या नाही, माझ्या नावावर घेतायत लोक रोपं. झाडं काढलीस तर माझं नाव जाईल." त्यानं डोळे पुसले. "ती गेली, आता बोलू नये. पण तुम्हाला माहीत असावं असं वाटलं."

मी त्याला म्हणाले, "असू दे रमेश." आणि रिक्षा केली.

बघ ना, वासंती, सभेतलं खोटं मी पचवलं होतं. वर्षं लागली, पण पचवलं. पलंगावरचं नाही पचत. तिथं शेतकरी नव्हते, प्रमुख नव्हते, तुझं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. फक्त मी होते आणि मी विचारलं होतं. तू भावाला पुढं केलंस, ज्यानं तुला थांबवायचा प्रयत्न केला होता त्यालाच. मी तुझा हात धरला, तोसुद्धा तू फसवून धरायला लावलास.

तरी काल वर्गात पोरांना झाडांची प्रतिकारशक्ती शिकवताना माझ्या तोंडून निघालंच, "आमच्या एक वासंतीबाई होत्या, त्या म्हणायच्या, झाडाला मुकं समजू नका." एका मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. मला थांबवता आलं नाही, आणि थांबवावं असंही वाटलं नाही. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे, याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

काल संध्याकाळी प्राजक्ता घरी आली. तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढायची म्हणते. म्हणाली, "शैलामावशी, आईनं तेल्या कसा ओळखला त्यावर तू लिही. तू होतीस ना तेव्हा तिच्याबरोबर?"

मी चहा टाकला. दूध उतू जाईपर्यंत माझं ठरत नव्हतं. दोन पानं गोड लिहिणं सोपं होतं. तिची आई जाऊन असे कितीसे दिवस झालेत. पण ती स्वतः सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आहे, वासंती. उद्या तिच्याही ताटलीत काहीतरी उगवेल आणि कुणीतरी तिला म्हणेल की ते उगवलेलं नाही.

मी गॅस बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. तंबाखूच्या पानापासून चपलांच्या ढिगापर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलं नाही, पण नजर माझ्यावरून काढली नाही. शेवटी म्हणाली, "मामाला विचारीन मी."

"विचार."

"आणि तू लिही. जसं झालं तसं. छापायचं की नाही ते मी वाचून ठरवीन."

जाताना दारात ती थांबली. "तुला हे इतके दिवस माहीत होतं, तरी तू आईचे पाय चेपत होतीस?"

"सगळं माहीत नव्हतं," मी म्हणाले. "असतं तरी चेपले असते बहुतेक. बोलले नसते मात्र."

ती रविवारी येईल आणि मी हे कागद तिच्या हातात देईन. त्यात तू मला शिकवलंस ते आहे आणि केलंस तेही आहे. दोन्हीत मी काही वाढवलेलं नाही. अक्काच्या ओसरीवर माझ्या शेजारी बसून भाकरी मोडताना, उद्या काय बोलणार आहेस ते तुला माहीत होतं. तेव्हा मला सांगितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, बॅग उचलून निघूनही गेले असते. पण त्या शेडमध्ये तुझ्याकडे बघत, तू जोड देशील म्हणून वाट बघत बसले नसते.

म्हणून वाचायला तिला देण्याआधी, तुला सांगते आहे.